आखाजीच्या आत फळ धरलं पाहिजे: खान्देशात घरच्या घरी गंगाफळ (लाल भोपळा), गिलकी (घोसाळी), दुधी लावायचे असतील तर

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की कोणी ना कोणी विचारतंच, ताई वेल तर मांडवभर पसरलाय, पिवळी फुलं पण ढीगभर येतात, मग गिलकं एकसुद्धा का लागत नाही. मी उलट एवढंच विचारते की बी कधी टाकलं होतं. उत्तर ठरलेलं, होळीनंतर, नाहीतर पोरांच्या परीक्षा संपल्यावर. झालं, तिथेच गणित चुकलं.

गार्डनिंगचे व्हिडिओ बघितले तर सगळीकडे एकच, ह्या उन्हाळी भाज्या आहेत, ह्यांना भरपूर ऊन द्या, ऊब द्या. अहो, ऊब कमी असलेल्या गावांसाठी ते बरोबर आहे, आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गच्चीवर अनवाणी पाय टेकवता येत नाही, इथे ऊब कुठून आणायची हा प्रश्नच नाही, तिच्यापासून वाचायचं कसं हा आहे. भोपळा, गिलकी, दोडकी, दुधी, कारली, काकडी हे सगळे वेल २५ ते ३५ डिग्रीत खूश असतात. त्याच्यावर गेलं की नर फुलं वाढतात आणि मादी फुलं कमी होतात, आणि ४० च्या पुढे फुलातलं पराग पण कामाचं राहत नाही. म्हणजे वेल हिरवागार दिसेल, पण भाजी बाजारातूनच आणावी लागेल. म्हणून मी मोजणी उलटी करते, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत फळ धरलेलं पाहिजे, मग तिथून मागे जायचं.

मागे गेलं की तारीख येते जानेवारी शेवट ते १५ फेब्रुवारी. संक्रांत झाली की मी बियांचा डबा काढते. रात्रीची थंडी अजून बोचत असेल तर आठ-दहा दिवस थांबते, कारण जमीन गार असली की बी रुजत नाही, सडतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला टाकलेलं गिलकं मार्चच्या मध्याला फुलावर येतं, पन्नास दिवसांच्या आसपास पहिलं गिलकं हातात, आणि मग मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दर दोन दिवसाआड तोडणी. दोडकं आठवडाभर मागे, दुधी साधारण दोन महिने. गंगाफळाला मात्र ११०-१२० दिवस लागतात पण त्याचं फळ एप्रिलच्या मध्यापर्यंत धरलं की पुढे मे मध्ये ते नुसतं पिकत बसतं, ऊन सोसतं. हा हंगाम हुकला तर एप्रिलमध्ये बी टाकून जीव काढू नका, सरळ मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबा, जूनमध्ये टाकलेलं श्रावणात मस्त येतं.

आता ते झुकिनीचं. हल्ली बरेच जण ऑनलाइन बी मागवतात, स्क्वॉश म्हणून, फोटो भारी असतात. ते आपल्या गंगाफळाचंच चुलत भावंड आहे, पण वेल नाही, झुडूप करतं, आणि ४५-५० दिवसात फळ देतं. आपल्या उन्हाळ्यात ते टिकत नाही हो, मी दोनदा करून बघितलं. दिवाळीच्या सुमारास लावा, डिसेंबर-जानेवारीत खा, पानांवर भुरी (पांढऱ्या पुडीचा रोग) लवकर पडते तेवढी सांभाळा. २०-२५ लिटरच्या बादलीत एक झाड, दोन नाही. आणि एकच झाड लावलं तर नर-मादी फुलं एका दिवशी उमलतीलच असं नाही म्हणून निदान दोन-तीन बादल्या लावा.

माती, खड्डा, बादली

ज्यांचं अंगण आहे ते नशीबवान. दीड फूट लांब, दीड रुंद, दीड खोल खड्डा करायचा आणि तो आठ-दहा दिवस तसाच उन्हात तापू द्यायचा. मग दोन-तीन घमेली जुनं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, वरून निघालेली माती. शेणखत जुनंच पाहिजे, हातात घेतल्यावर वास न येणारं, चहाच्या चोथ्यासारखं भुरभुरीत. ओलं शेण टाकलं तर मुळं भाजतात आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) फुकट मिळते.

आपली काळी माती शेतात सोनं आहे पण कुंडीत नुसती भरली तर डोकेदुखी. पाणी दिलं की चिखल, वाळली की दगड, कडेने भेग पडते आणि पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जातं, मुळाला थेंब नाही. आपल्याला वाटतं पाणी दिलं. म्हणून टेरेसवाल्यांनी काळी माती दोन भाग, शेणखत नाहीतर गांडूळखत दोन भाग, आणि एक भाग कोकोपीट किंवा जाड रेती असं मिसळायचं. गिलकी-दोडक्याला रंगाची २० लिटरची बादली चालते, तळाला चार-पाच भोकं पाडून. दुधी आणि गंगाफळाला त्याहून मोठं लागतं, दीड फुटी ग्रो बॅग तरी. बादली काळी असेल तर बाहेरून चुना मारा नाहीतर गोणपाट गुंडाळा, मे मध्ये काळ्या बादलीला दुपारी हात लावून बघा म्हणजे कळेल मुळांचं काय होत असेल.

एका खड्ड्यात तीन बिया, उगवल्यावर सगळ्यात जोमदार एक ठेवायचं, फार तर दोन. जीव होत नाही उपटायला, मला पण होत नव्हता, पण तीन ठेवले की तिन्ही उपाशी. दोन खड्ड्यात तीन-चार फूट, गंगाफळाला सहा-सात फूट सोडा कारण ते शेजाऱ्यांच्या कंपाउंडपर्यंत जातंच.

बी टाकण्याआधी भिजवायचं. गंगाफळ, काकडीला पाच-सहा तास पुरतात, दुधी-गिलक्याला रात्रभर. कारल्याचं बी फार टणक, ते नेलकटरने टोकाला जरासं कापायचं, आतल्या गराला लागू न देता, आणि मग रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्याशेजारी ठेवायचं, कोंब दिसला की मातीत एक इंच खोल. असं न करता टाकलं तर पंधरा दिवस वाट बघत बसा.

मांडव आधी, बी नंतर

ही माझी सगळ्यात मोठी चूक होती. वेल वाढला की बघू म्हणत राहिले, वेल महिन्याभरात चार फूट झाला, त्याने तुळस धरली, मग सायकल धरली, आणि मी तो सोडवायला गेले तर शेंडाच मोडला. सासूबाई पारोळ्याकडच्या, ओट्यावर बसून बघत होत्या, म्हणाल्या, "येलले पयले आधार लागस वं माय, पानी मंग." तेव्हापासून आधी मांडव.

खर्च करायची गरज नाही. कपाशी काढून झाल्यावर शेतात पऱ्हाट्यांचे ढीग पडलेले असतात, ओळखीच्या कोणाकडून एक भारा आणा. वेल वर चढवायला पऱ्हाटीसारखं काही नाही, तिला फाटे असतात ना, वेलाचे तणावे आपोआप गुंडाळतात, गुळगुळीत पाइपावर घसरतात. चार कोपऱ्यांना बांबू, वरून सुतळीची जाळी एकेक फुटावर, आणि कुंडीपासून जाळीपर्यंत पऱ्हाटी तिरकी. बांधायला केळीच्या वाळलेल्या सोपटाची दोरी घेतली तर वेल कापत नाही, मोसम संपला की सगळं तसंच खतात टाकता येतं. गच्चीवर असाल तर मांडव कठड्याला घट्ट बांधा, एप्रिल-मे मधली वावधन, म्हणजे वादळ, आली की मांडवासकट दुधी शेजारच्या पत्र्यावर जातो, आमचा गेलाय.

गंगाफळाला मांडव नको, जमिनीवर पसरू द्या, फक्त फळाखाली जरा कडबा नाहीतर विटेचा तुकडा सरकवा म्हणजे खालून सडत नाही.

फुलांची भानगड, हे नीट वाचा

सगळा खेळ इथे आहे. ह्या वेलांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात, पहिले आठ-दहा दिवस नुसती नर फुलं येऊन झडतात. ते नॉर्मल आहे, घाबरून औषध मारू नका. नंतर मादी फुलं येतात, ती ओळखायला एकदम सोपी, फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढं छोटं फळ आधीच असतं, गंगाफळाला गोटी, गिलक्याला बारीक गिलकं. नर फुलाला मागे नुसता लांब देठ.

हे छोटं फळ फुलासोबत फुकटच येतं. पराग पोचला तर ते वाढतं, नाही पोचला तर तीन-चार दिवसात टोकाकडून पिवळं पडून गळतं. पराग पोचवायचं काम मधमाशीचं, आणि शहरात तिसऱ्या मजल्यावर मधमाशी येईलच याची गॅरंटी नाही. मग ते आपण करायचं. आणि इथे लोक काय चुकतात तर वेळ चुकतात, सगळ्यांची फुलं एका वेळी उमलत नाहीत. गंगाफळ, गिलकं, कारलं, काकडी ही सकाळची मंडळी, गंगाफळाचं फूल तर पहाटे उघडतं आणि दहा वाजेपर्यंत मिटून जातं. दुधी आणि दोडकं मात्र संध्याकाळचे, ऊन कलल्यावर पाच-साडेपाचनंतर उमलतात. मी पहिल्या वर्षी दुधीला सकाळी आठ वाजता ब्रश घेऊन उभी राहायची आणि कोमेजलेल्या फुलांवर ब्रश फिरवायची, घरचे हसायचे, बरोबरच होतं त्यांचं.

ब्रशची पण गरज नाही खरंतर. ताजं नर फूल देठासकट तोडा, त्याच्या पाकळ्या हळूच फाडून मागे करा, मधे पिवळी काडी उरते, बोटाला लावून बघा, हळदीसारखी पूड लागली पाहिजे. नाही लागली तर ते फूल शिळं आहे, दुसरं घ्या. आता मादी फुलाच्या मधे तो जाडसर गोळा असतो, गंगाफळात तो चांगला ठसठशीत दिसतो, त्याच्या सगळ्या बाजूंना ती काडी हळू घासायची, एकाच बाजूला घासली तर फळ वाकडं होतं. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. दुधीचं फूल पांढरं आणि फार नाजूक, तिथे हात हलका ठेवा. दोन दिवसांनी बघा, बारक्या फळावर चकाकी आली आणि ते खाली वाकायला लागलं की समजायचं जमलं.

शेंडा खुडण्याबद्दल विचारतात, थ्री जी कटिंग म्हणून व्हिडिओ फिरतात. दुधीला खरंच फायदा होतो. मुख्य वेल सहा-सात फुटांचा झाला, मांडवाला पोचला की शेंडा खुडायचा, बाजूच्या फांद्या फुटतात, त्या पण दहा-बारा पानांच्या झाल्या की खुडायच्या, त्यानंतरच्या फुटव्यांवर मादी फुलं जास्त येतात. गंगाफळाला मी हे करत नाही, त्याला एका वेलावर दोन-तीन फळं धरली की पुरे, उरलेली काढून त्यांची भाजी करते.

आणि युरिया नका टाकू हो. पानं हाताच्या पंजापेक्षा मोठी, काळपट हिरवी, आणि फळ शून्य, हे युरियाचं काम. फुलावर येईपर्यंत पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत, फुलं सुरू झाल्यावर एकदा चुलीची राख एक मूठ, बाकी ताकद मातीतच असते.

पाणी आणि ऊन

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाइप लावून धबाधबा सोडायची चैन नाही. अंगणात दोन वेलांच्या मधे एक रंग न दिलेलं साधं भाजलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, दोन-तीन दिवसांनी भरायचं, वर झाकणी. पाणी हळूहळू झिरपतं, मुळं मडक्याला मिठी मारतात. बाहेरून रंग दिलेला माठ नको, तो झिरपत नाही. बादल्यांना सकाळी सातच्या आत पाणी, एप्रिलपासून संध्याकाळी पण. वर चार बोटं पाचोळा, कडब्याची कुट्टी, जे मिळेल ते पसरा, पाणी जवळजवळ अर्ध्यावर येतं माझ्या अनुभवाने.

दुपारी दोन वाजता पानं मान टाकतात ती बघून पाणी घालू नका, भर उन्हात मोठ्या पानाचा वेल तसा करतोच. संध्याकाळी सात वाजता पण मान खाली असेल तर मात्र तहान आहे, किंवा मुळाला काहीतरी झालंय. एप्रिलपासून ५० टक्क्यांची हिरवी नेट पश्चिमेच्या बाजूला उभी लावा, डोक्यावर नाही, डोक्यावर लावली की मधमाश्या पण अडतात. मारक ऊन बारानंतरचंच असतं.

किडी, आणि एक केळीची गोष्ट

लाल भुंगा हा पहिला शत्रू. बी उगवून दोन पानं आली की हा हजर, चाळणी करून टाकतो. चार-पाच पानं येईपर्यंत रोपावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाकून ठेवा, आणि सकाळी लवकर तो सुस्त असतो तेव्हा हाताने उचलून साबणाच्या पाण्यात टाका. पानांवर दव असताना राख भुरभुरली तरी बराच दूर राहतो.

फळमाशी त्याहून वाईट. कारलं, गिलकं वाकडं होतं, एक बारीक टोचल्याची खूण, चिकट थेंब, कापलं तर आत अळ्या. तिच्यासाठी कामगंध सापळा (वासाने नर माश्या ओढून घेणारा) मिळतो, पण वेलांसाठी क्यू ल्यूरचाच मागा. मला एका दुकानदाराने आंब्याचा मिथाइल युजेनॉलवाला दिला होता, सगळं एकच असतं ताई म्हणून, महिनाभर एकही वेलावरची माशी सापडली नाही त्यात. किडकी फळं कंपोस्टमध्ये टाकू नका, अळी मातीत जाऊन कोष करते आणि नवीन माश्या निघतात. पिशवीत घालून तोंड बांधून चार-पाच दिवस उन्हात ठेवा, मग टाका. कारल्याला मी सरळ वर्तमानपत्राची नळी घालते, दिसायला गमतीदार दिसतं पण फळ स्वच्छ निघतं.

पानांवर पांढरी पूड म्हणजे भुरी. खालची जुनी पानं काढून टाका, हवा खेळू द्या, एक भाग दूध नऊ भाग पाणी असं सकाळी उन्हात फवारा. गंधक मात्र वेलांवर मारू नका, आपल्या तापमानात तर नाहीच, पानं करपतात. मावा-पांढऱ्या माशीला निंबोळी अर्क, ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर एक लिटर पाण्यात, सकाळी फडक्याने गाळून चिमूटभर साबण, आणि फवारणी संध्याकाळी.

आता केळीची गोष्ट. यावल-रावेरकडे माहेर असलेल्यांना हरण्या रोग माहीत असेल, केळीच्या पानावर पिवळे पट्टे पडून पोंगा (मधलं न उघडलेलं कोवळं पान) सडतो. तो काकडीवरचा मोझॅक व्हायरस आहे, मावा तो इकडून तिकडे नेतो. म्हणून केळीच्या बागेत आणि आजूबाजूला काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची लावू नका असं सांगतात. तुमच्या घराची भिंत कोणाच्या केळीला लागून असेल तर कृपा करून परसात गंगाफळाचा हट्ट करू नका, त्या माणसाचं वर्षभराचं पीक आहे. एरवी पण वेलाची पानं आकसली, हिरवे-पिवळे डाग पडले, तर त्याला औषध नाही, उपटून टाका.

बाकीच्या भाज्या, थोडक्यात

भेंडी आणि गवार ह्या उन्हाळ्याला पुरून उरतात, नवशिक्यांनी त्यांच्यापासून सुरू करावं. फेब्रुवारीतच टाका, एक-एक फुटावर, भेंडी दीड महिन्यात सुरू होते आणि मग दिवसाआड तोडलीच पाहिजे, एक दिवस विसरलात की लाकूड. वांग्याचं रोप करून साडेचार-पाच आठवड्यांनी लावायचं. पण भरताचं वांगं उन्हाळ्यात करायच्या भानगडीत पडू नका. जळगावच्या ज्या हिरव्या-पांढऱ्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते पावसाळ्यात लावून थंडीत खायचं, पऱ्हाटीवर भाजून, त्याची मजा डिसेंबरमध्ये. टोमॅटोचं पण तेच, मार्चनंतर फुलं गळतात.

तोडणी आणि बियाणं

गिलकं वीतभर झालं, नखाने टोचलं की सहज आत गेलं, म्हणजे तोडा, भजी करायची तर त्याहून कोवळं. दुधीवर बारीक लव असते तोवर तो कोवळा. आणि दुधी चिरताना एक काप चाखून थुंकायची सवय लावा, कडू लागला तर अख्खा फेकून द्या, शिजवून कडूपणा जात नाही आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. गंगाफळ मात्र घाई करायचं नाही, देठ वाळून लाकडासारखा झाला, सालीत नख शिरेना, मग दोन-तीन इंच देठ ठेवून कापा. देठ राहिला तर घरात महिने टिकतं, आमच्याकडे माच्याखाली (खाटेखाली) ठेवलेलं गंगाफळ श्रावणात कानबाईच्या सणाला, रोटांच्या वेळी निघतं.

बी घरचं धरायचं तर हायब्रीड सोडून गावरान लावा. मोसमातलं दुसरं-तिसरं, चांगल्या आकाराचं गिलकं वेलावरच सोडायचं, त्याला लाल दोरा बांधायचा, नाहीतर घरातलं कोणीतरी हमखास तोडून भाजी करतं. महिन्या-दीड महिन्यात ते तपकिरी होतं, हलकं होतं, हलवलं की आत खुळखुळ वाजतं. टोक मोडून उलटं धरा, काळ्या बिया आपोआप ताटात पडतात, वरची जाळी अंघोळीला घासणी म्हणून वापरा. बिया दोन दिवस सावलीत वाळवून राखेत घोळवून डब्यात, आणि डब्यावर नाव आणि वर्ष लिहा, कारण दुधीच्या बिया ओळखता येतात पण गिलक्याच्या आणि दोडक्याच्या डब्यात फेब्रुवारीत उभं राहून कोणती कोणती हे मला तरी अजून कळत नाही.